महागड्या घड्याळाचा सेल संपला, तर तेरखेड्याच्या माणसाने जायचं कुठे?

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा सोडलं की तेरखेडा येतं. फटाक्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. माझा मामेभाऊ तिथला. चार वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात सासऱ्यांनी त्याला स्विस घड्याळ दिलं. गेल्या महिन्यात ते बंद पडलं आणि त्याचा मला मेसेज आला: "दादा, कंपनीच्या सेंटरला फोन लावला तर ते म्हणतात पूर्ण सर्व्हिस करावी लागेल, साडेनऊ हजार. वर घड्याळ पाठवायचा खर्च वेगळा. इकडे घड्याळवाले म्हणतात दीडशे रुपयांत सेल टाकून देतो. कोणाचं ऐकू?"

प्रश्न साधा वाटतो, पण दीडशे आणि साडेनऊ हजार यांच्यात साठपटीहून जास्त फरक आहे. एवढा फरक दिसला की आपण दोनपैकी एक गोष्ट धरून चालतो: एकतर कंपनी लुटते, नाहीतर गावातला माणूस घड्याळ बिघडवणार. खरं तर दोघं एकाच कामाबद्दल बोलतच नाहीयेत. शिवाय हा प्रश्न आता येत्या काही वर्षांत जास्त लोकांना पडणार आहे, त्यामुळे जरा नीट बघू.

आताच हा विषय का?

भारत आणि युरोपातल्या एफ्टा देशांमध्ये (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन) १० मार्च २०२४ ला व्यापार करार झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवर आपल्याकडे २० टक्के मूळ सीमाशुल्क होतं. करारानुसार ते टप्प्याटप्प्याने काढलं जाणार आहे. बातम्यांमध्ये त्याचं शीर्षक काय झालं? 'स्विस घड्याळं स्वस्त होणार.' बरोबर आहे, हळूहळू होतीलही.

पण घड्याळ घेताना एकदाच पैसे जातात आणि ते चालू ठेवायला वर्षानुवर्षं जातात. त्या दुसऱ्या खर्चाबद्दल करारात काही नाही, बातम्यांतही नाही. दुकानं हळूहळू छोट्या शहरांकडे येतायत, ऑनलाइन तर घड्याळ थेट गावात पोचतं. सर्व्हिस सेंटर मात्र मोठ्या शहरांतच राहतात. तेरखेड्याहून पुणं दोनशे किलोमीटरच्या वर आहे. सेल बदलायला कोण एवढं लांब जाणार?

आधी बघा, तुमच्या घड्याळात आहे काय

'लक्झरी घड्याळ' म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांत दोन अगदी वेगळ्या जाती असतात. क्वार्ट्झमध्ये सेल असतो. ऑटोमॅटिक किंवा चावीच्या घड्याळात सेलच नसतो, स्प्रिंग असते. ओळखायची सोपी खूण म्हणजे सेकंद काटा: टक-टक करत एकेक सेकंद उडी मारत असेल तर बहुतेक क्वार्ट्झ, सरकत चालत असेल तर बहुतेक ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक घड्याळ दोन-तीन दिवस कपाटात ठेवलं की थांबतंच. ते बिघडलेलं नसतं. हातात घाला, चावी द्या, परत चालू होतं. 'सेल बदला' म्हणून असं घड्याळ घेऊन दुकानात गेलेले लोक मी पाहिलेत, आणि सेल बदलल्याचे पैसे देऊन आलेलेही.

मामेभावाचं घड्याळ क्वार्ट्झ होतं. त्याने अजून एक गोष्ट सांगितली: बंद पडायच्या आधी काही दिवस सेकंद काटा मध्येच थांबून एकदम चार सेकंद उडी मारत होता. हे ऐकलं आणि माझं अर्धं टेन्शन गेलं. कारण बऱ्याच स्विस क्वार्ट्झ मशीनमध्ये ही मुद्दाम ठेवलेली सूचना असते. सेलचं व्होल्टेज खाली आलं की सर्किट चार-चार सेकंदांनी काटा हलवतं, म्हणजे सेल संपत आलाय हे तुम्हाला कळावं. काही जपानी घड्याळांत हीच उडी दोन सेकंदांची असते. घड्याळ ही सूचना देऊन मग थांबलं असेल, तर मशीन ठणठणीत असण्याची शक्यता जास्त.

शंभर रुपयांच्या सेलचं गणित

क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ते मोजतं आणि सेकंदाला एकदा छोट्या मोटरला झटका देतं. या सगळ्याला साधारण एक मायक्रोअँपियर करंट लागतो, अगदी नगण्य. ३७७ नंबरचा सेल (त्यालाच एसआर ६२६ एसडब्ल्यू म्हणतात) साधारण २६ मिलीअँपियर-अवरचा असतो. भागाकार केला की २६ हजार तास, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. मोठा सेल असेल तर अजून जास्त.

हेच गणित उलटं वापरता येतं. नवा, चांगला सेल टाकूनही घड्याळ सहा-आठ महिन्यांत बंद पडलं, तर दोष सेलचा नाही. आतलं तेल वाळलंय, चक्रं जड झालीयत, मोटरला जास्त जोर लावावा लागतोय. करंट एकाचा तीन मायक्रोअँपियर झाला की तीन वर्षांचा सेल वर्षात संपतो. अशा वेळी दरवर्षी सेल टाकत बसण्यात अर्थ नाही, तेव्हा खरंच सर्व्हिस लागते. चांगल्या कारागिराकडे हा करंट मोजायचा छोटा टेस्टर असतो. दुकानात गेल्यावर एवढंच विचारा: "काका, कंझम्प्शन मोजून देता का?" त्यांनी काय म्हणता हे न विचारता टेस्टर काढला, तर घड्याळ त्यांच्या हातात द्यायला हरकत नाही.

आता सेल कुठला, हे महत्त्वाचं. सारख्याच आकाराचे दोन सेल मिळतात. एक सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा. शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ तेवढंच ठेवतो आणि मग एकदम खाली येतो. दुसरा अल्कलाइन, एलआर ६२६ किंवा एजी ४ नावाचा, कार्डावर दहा-दहा चिकटवलेला मिळतो. तो १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि लवकर गळतो. गळलेला द्रव मशीनमधलं तांबं खातो. दीडशे रुपयांत सेल टाकला आणि वर्षभराने मशीनच गेलं, अशा गोष्टी घडतात त्या बहुतेक या दुसऱ्या सेलमुळे. दोन्हींच्या किमतीत फार फार तर शंभर रुपयांचा फरक. महागड्या घड्याळात तो वाचवायचा नसतो.

गंमत म्हणजे रेनाटा हा स्विस सेलचा ब्रँड ज्या स्वॉच ग्रुपचा आहे, त्याच ग्रुपचे ओमेगा, लॉन्जिन, राडो आणि टिसॉट. म्हणजे कंपनीच्या सेंटरमध्ये जो सेल पडेल, तोच सेल सुटा बाजारात शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. सील पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. जुना सेल परत मागा, त्यावरचा नंबर जुळवून बघा. आणि बंद पडलेला सेल 'नंतर बघू' म्हणून महिनोन् महिने आत ठेवू नका, गळायला तेवढा वेळ पुरतो.

एक अपवाद सांगतो. सोलर किंवा हाताच्या हालचालीवर चार्ज होणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळात रिचार्जेबल सेल असतो. तिथे साधा सेल अजिबात टाकायचा नाही. घड्याळ त्याला चार्ज करायला जाईल आणि सेल फुगेल किंवा गळेल.

मग साडेनऊ हजार कशाचे?

कंपनीचं सेंटर घड्याळ उघडतं तेव्हा सेलसोबत गॅस्केट बदलतं (आपल्याकडे वायसर म्हणतात ती, झाकणाखालची रबरी रिंग), चावीची सील बघतं, प्रेशर टेस्ट करतं. घड्याळ तीन-चार वर्षांचं असेल तर मशीन साफ करणं किंवा आख्खं मशीनच बदलणं सुचवतं. कंपनीचं नाव आणि वॉरंटी पणाला लागलेली असते, म्हणून ते अर्धवट काम करायला तयार नसतात. त्यांच्या बाजूने हे चूक नाही. मला चूक वाटतं ते हे की फोनवर, घड्याळ न बघताच पूर्ण सर्व्हिसचा आकडा सांगितला जातो, आणि 'फक्त सेल आणि गॅस्केट' असा पर्याय विचारल्याशिवाय समोर येत नाही. बऱ्याच कंपन्यांत असा छोटा पर्याय असतो. नावं वेगवेगळी, पण 'बॅटरी बदल आणि वॉटर टेस्ट' एवढंच हवंय असं स्पष्ट म्हणा आणि आकडा मेसेजवर किंवा ईमेलवर घ्या.

पाण्याचंही समजून घ्या. डायलवर '३० मीटर' किंवा '३ बार' लिहिलंय म्हणजे तीस मीटर खोल पोहता येतं असं नाही. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे, पावसाचे थेंब, इतकाच. पोहायचं तर १० बार तरी हवं. आणि झाकण एकदा उघडलं की कितीही बारचं असो, नव्या गॅस्केटशिवाय आणि टेस्टशिवाय त्याचा भरवसा नाही. तालुक्याच्या ठिकाणी सेल आणि गॅस्केट होऊन जातं, टेस्टचं मशीन मात्र क्वचित सापडतं.

वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेर उघडू नका. सेल सहसा वॉरंटीत येत नाही, पण बाहेरच्याने उघडलंय म्हणून पुढे मशीनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. झाकण नीट न उघडल्याच्या खुणा लपत नाहीत. सिरॅमिकच्या घड्याळात तर अजून जपावं लागतं. राडोने १९८६ पासून वापरलेलं हे सिरॅमिक चरा पडू देत नाही, पण सुरी घसरून कडेला ठोका बसला तर टवका उडतो, आणि तो भरून निघत नाही.

कुलूप खरं सुट्या भागांना आहे

सेल सगळीकडे मिळतो, पण मशीनचा एखादा भाग गेला तर? इथे गोष्ट गावाच्या आणि कारागिराच्या हाताबाहेर जाते.

आपल्या मागच्या पिढीत ही अडचण नव्हती. एचएमटी १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला लागली. तिची घड्याळं गावोगाव पोचली आणि सुटे भाग बाजारात मोकळे मिळायचे. तालुक्यात बसणारे आजचे जुने कारागीर याच घड्याळांवर शिकले. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या त्या माणसाकडे डबीत भाग असायचे, म्हणून काम व्हायचं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तोवर लोकांच्या हातात मोबाइल आला होता आणि या धंद्यात नवी पोरं यायची थांबली होती.

त्याच सुमारास तिकडे स्वित्झर्लंडमध्ये दुसरी गोष्ट झाली. २०१५ संपता संपता स्वॉच ग्रुपने स्वतंत्र कारागिरांना भाग पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्यांकडे माल पाठवणं बंद केलं. आता भाग हवा तर तुम्ही कंपनीने मान्यता दिलेले दुरुस्तीवाले असायला हवेत. ती मान्यता मिळवायला कंपनी सांगेल ती यंत्रं, ती खोली, ते प्रशिक्षण. बार्शीतल्या आठ बाय दहाच्या दुकानात हे बसणार आहे का? युरोपातल्या कारागिरांच्याही दुकानांत बसत नव्हतं. त्यांच्या संघटनेने २००४ मध्येच युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती. कमिशनने ती फेटाळली, २०१० मध्ये कोर्टाने तो निर्णय रद्द केला, कमिशनने पुन्हा फेटाळली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने कमिशनची बाजू उचलून धरली. तेरा वर्षं भांडून कारागीर हरले. कंपन्यांचं म्हणणं होतं की घड्याळं गुंतागुंतीची आहेत, दर्जा राखायला आणि नकली भाग रोखायला हे लागतं.

नकली भागांचा मुद्दा खोटा नाही. मुंबईत जुन्या घड्याळांना नवी रंगवलेली डायल लावून विकायचा उद्योग इतका चालतो की जगभरच्या संग्राहकांनी त्याला 'मुंबई स्पेशल' असं नावच दिलंय. पण खरे भाग मिळायचे बंद केल्यावर नकली भागांचा धंदा कमी होईल की वाढेल, हे तुम्हीच ठरवा.

भारतात कायदा काय म्हणतो?

गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे याच्या नेमका उलट निकाल लागलाय. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावला. कारण हेच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजना देत नव्हत्या. पुढे प्रकरण अपिलात गेलं, पण ग्राहकाला दुसरीकडे दुरुस्तीची वाट हवी हे तत्त्व तिथे स्पष्ट मांडलं गेलं. घड्याळांबाबत तसा निकाल आपल्याकडे झालेला नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू झालं. त्यात चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या समितीने 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा आराखडा दिला, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण खोक्यावर छापायचे. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन-लॅपटॉपवर असे गुण दिसतात. आपल्याकडेही सुरुवात मोबाइल आणि उपकरणांपासूनच.

घड्याळ या यादीत नाही. कोणी म्हणेल, चैनीची वस्तू आहे, सरकारने कशाला डोकं घालायचं? मला ते पटत नाही. आमच्या भागात असं घड्याळ घेणारे सगळेच काही श्रीमंत नसतात. आयुष्यात एकदाच घेतलेलं, लग्नात मिळालेलं, नाहीतर वडिलांनी रिटायर होताना घेतलेलं असतं. शिवाय कुलपाची पद्धत तीच आहे. तुमच्या मनगटावरच्या दोन हजारांच्या स्मार्टवॉचची बॅटरी आत चिकटवलेली असते, सुटी बॅटरी मिळत नाही, दोन वर्षांनी आख्खं घड्याळ कचऱ्यात जातं. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय, पाण्यात वापरायच्या वस्तूंना काही सवलती देऊन. आपल्याकडे तसा नियम नाही.

तोपर्यंत हातात काय आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. सेंटर मुंबईचं असलं तरी तेरखेड्याच्या माणसाने धाराशिवला तक्रार करायची. पाच लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. पण तक्रार टिकते ती कागदावर. म्हणून घड्याळ देताना जॉबकार्ड घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, पाठीमागून-पुढून फोटो काढा, सगळ्या बाजूंनी एक व्हिडिओ. कुरिअरने पाठवणार असाल तर पावतीवर खरी किंमत लिहा आणि विमा आहे का ते विचारा. काही कुरिअर कंपन्या दागिने-घड्याळं घेतच नाहीत किंवा हरवल्यावर अगदी थोडे पैसे देतात.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी वेगळं

ऑटोमॅटिक घड्याळाच्या सर्व्हिसमध्ये खरोखर तासन् तास जातात. मशीन पूर्ण खोलायचं, धुवायचं, ठिकठिकाणी वेगवेगळं तेल द्यायचं, परत जुळवून वेळ लावायची. ते दीडशेत होत नाही, आणि कोणी 'पाचशेत सर्व्हिस करून देतो' म्हणालं तर तो बहुतेक वरून तेल सोडणार. त्याने नुकसानच होतं. पण दरवर्षी सर्व्हिस लागते असंही नाही. रोलेक्स स्वतः साधारण दहा वर्षांनी करा म्हणते. वेळ नीट दाखवत असेल तर घाई करू नका. करायचीच झाली आणि कंपनी परवडत नसेल, तर पुण्या-मुंबईतला स्वतंत्र पण शिकलेला कारागीर शोधा. टाइमग्राफरवर आधीचं आणि नंतरचं रीडिंग दाखवतो का, हे विचारा. भाग लागला तर कुठून आणणार, हेही.

मामेभावाचं काय झालं?

वॉरंटी कधीच संपली होती. काटा चार-चार सेकंद उडी मारत होता, म्हणजे सेलच. काचेच्या आत वाफ नाही, गंज नाही. मी त्याला म्हटलं, साडेनऊ हजार राहू दे, पण दीडशेवालंही नको. तो बार्शीला एका जुन्या घड्याळवाल्यांकडे गेला. त्यांनी करंट मोजला, जवळपास एक मायक्रोअँपियर. सील पाकिटातला सिल्व्हर ऑक्साइड सेल, नवी गॅस्केट, त्यावर सिलिकॉन ग्रीस, सगळे मिळून चारशे रुपये. टेस्टचं मशीन नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

त्यामुळे त्याला एकच सांगून ठेवलंय, पुण्याला येशील तेव्हा प्रेशर टेस्ट करून घे. तोपर्यंत विहिरीवर पोहायला जाताना घड्याळ घरी ठेवायचं.